हरित पुरवठा साखळीचा कारखान्याच्या नफ्यावर काय परिणाम होतो: फौंड्रीवाल्यांसाठी पायरी-पायरीनं मार्गदर्शन

पुण्या-चाकणच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून हल्ली ड्रॉइंग आणि शेड्यूलबरोबर एक जास्तीची एक्सेल शीट येते. वीज किती वापरता, डिझेल किती, वापरून झालेली वाळू कुठे जाते, तुमच्या पुरवठादारांकडे आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) आहे का, असले प्रश्न त्यात असतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत बऱ्याच ठिकाणी ही शीट अकाउंटच्या माणसाकडे जाते. तो अंदाजे आकडे भरून परत पाठवतो आणि विषय तिथेच मिटतो. माझ्या मते यात मालकाचं मोठं नुकसान आहे. त्या शीटमध्ये विचारलेले आकडे आणि आपल्या नफ्या-तोट्याचे आकडे बऱ्याच अंशी एकच असतात. शिवाय गिऱ्हाईक ती शीट सहज मागत नाही. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेबातलं बरंचसं उत्सर्जन तिच्या स्वतःच्या गेटबाहेर, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या भट्टीत होतं.

हरित पुरवठा साखळीनं, म्हणजे कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंत ऊर्जा, कचरा आणि उत्सर्जन कमी करण्यानं, कारखान्याचा फायदा होतो का, याचं माझं उत्तर असं: होतो, पण क्रम बरोबर असेल तरच. आधी सोलर, मग सर्टिफिकेट, मग जमलं तर रिजेक्शन, अशा उलट्या क्रमानं गेलात तर पहिली दोन वर्षं फक्त खर्च दिसेल. खाली दिलेला क्रम कोल्हापूरच्या कास्ट आयर्न फौंड्रीसाठी, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यासाठी आहे. मशीन शॉप किंवा फोर्जिंगवाल्यांनी आपापले आकडे घालून तो वापरावा.

पहिली पायरी: हिशेबाचं माप बदला

महिन्याचं वीजबिल सोळा लाखांवरून अठरा लाखांवर गेलं, एवढ्यावरून काहीच कळत नाही. माल जास्त गेला असेल, दर वाढला असेल किंवा वाया जास्त गेलं असेल. म्हणून प्रत्येक आकडा विकलेल्या चांगल्या कास्टिंगच्या टनामागे काढा. ओतलेल्या लोखंडाच्या टनामागे काढू नका. ओतलेल्या टनावर काढलं की रिजेक्शन लपून जातं आणि भट्टी उत्तम चालल्याचं समाधान तेवढं मिळतं.

सुरुवातीला पाच आकडे पुरेत: टनामागे युनिट, टनामागे नवीन वाळू, टनामागे पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड), टनामागे डिझेल आणि शंभर किलो ओतल्यावर विकलेला माल किती किलो. यातलं सगळं वीजबिलात, चलनांत आणि हीट रजिस्टरमध्ये (भट्टीच्या प्रत्येक हीटची, म्हणजे एका वेळच्या वितळवणीची नोंद) आधीच असतं. मागच्या बारा महिन्यांचं काढा, कारण एका महिन्याच्या आकड्यावर पावसाळा, दिवाळीची सुट्टी आणि शेड्यूलची चढउतार यांचा परिणाम असतो.

कार्बनचा आकडा यातूनच निघतो. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी जाहीर करतं. डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.६८ किलो. या आकडेमोडीसाठी सल्लागार लागत नाही.

दुसरी पायरी: आधी स्वतःच्या भट्टीकडे बघा

पुरवठादाराला उपदेश करण्याआधी इथे थांबा, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त कार्बन इथेच आहे. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

समजा महिन्याला २०० टन चांगला माल विकता. रिजेक्शन ६ टक्के आहे. यील्ड ६५ टक्के, म्हणजे ओतलेल्या लोखंडातलं ३५ टक्के रनर-रायझर (साच्यात लोखंड नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेला भाग) होऊन परत भट्टीत जातं. मग २०० टन विकायला तुम्ही प्रत्यक्षात सुमारे ३२७ टन लोखंड वितळवता. इंडक्शन भट्टीला टनामागे ६२० युनिट लागत असतील तर महिन्याला जवळजवळ २ लाख ३ हजार युनिट झाले. विकलेल्या टनामागे सुमारे १०१५ युनिट.

आता रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणलं, यील्ड ६८ टक्के केलं आणि भट्टी टनामागे ५८० युनिटवर चालवली. तेवढाच २०० टन माल विकायला वितळलेलं लोखंड ३०६ टनांवर येतं आणि वीज १ लाख ७८ हजार युनिटच्या आत. महिन्याला २५ हजार युनिट वाचले. युनिटला ९ रुपये धरले तर सव्वादोन लाख रुपये, आणि १८ टन कार्बन डायऑक्साइड. यात वाचलेली वाळू, फेटलिंगची (कास्टिंग साफ करण्याची) मजुरी आणि प्रत्येक हीटला स्लॅगमध्ये (वर तरंगणाऱ्या मळीत) जाणारं लोखंड धरलेलंच नाही. भट्टी तीच, माणसं तीच, आणि वाढलेली क्षमता फुकटात हातात आली.

यातली भट्टीची वीज कुठे वाचते ते जवळून पाहण्यासारखं आहे. भट्टीशेजारी रनर-रायझरचा ढीग असतो, त्यातला एक तुकडा हातात घ्या. खाचांत मोल्डिंगची वाळू जळून घट्ट चिकटलेली दिसेल. हा तुकडा तसाच चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) गेला की ती वाळूही तापते, तिचा स्लॅग होतो, तो काढायला झाकण उघडावं लागतं आणि उघड्या तोंडातून उष्णता निघून जाते. म्हणजे वाळूसाठी वीज, स्लॅग काढेपर्यंत वीज, वर लायनिंगचं आयुष्य कमी. हा परतीचा माल शॉट ब्लास्टिंगमधून काढून मगच भट्टीत टाकायचा, हा माझ्या यादीतला सगळ्यात स्वस्त हरित उपाय आहे. दुसरं, झाकण. चार्ज टाकण्याव्यतिरिक्त ते बंद राहिलंच पाहिजे. तिसरं, लोखंड तयार असून मोल्ड तयार नसणं. त्या वेळात भट्टी नुसती धरून ठेवावी लागते आणि मीटर चालू राहतं. मोल्डिंग आणि मेल्टिंगच्या सुपरवायझरनी सकाळी पाच मिनिटं एकत्र उभं राहून दिवसाची हीट ठरवली तरी फरक पडतो.

यील्डसाठी मात्र पॅटर्नला हात घालावा लागतो. कास्टिंग सिम्युलेशन करून रायझरचा आकार कमी करता येतो. सगळ्या पार्टचं करू नका. टनेजनं पहिले दहा पार्ट घ्या.

गिऱ्हाइकाकडे होणारं रिजेक्शन वेगळं लिहा. ब्लो होल (कास्टिंगच्या आत वायूनं पडलेलं छिद्र) मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो, तोवर तो पार्ट गाडीत बसून पुण्याला गेलेला असतो, त्यावर गिऱ्हाइकाचं टूल आणि मशीनचा वेळ खर्च झालेला असतो, मग डेबिट नोट येते आणि लोखंड भंगार म्हणून परत. एका खराब नगामागे साखळीतली प्रत्येक कडी दोनदा पैसे भरते. गुणवत्ता आणि पर्यावरण ही कारखान्यात दोन वेगळी खाती ठेवण्यात काही अर्थ नाही.

तिसरी पायरी: खरेदी

फौंड्रीच्या खरेदीत कार्बनच्या दृष्टीनं सगळ्यात जड वस्तू म्हणजे पिग आयर्न. ब्लास्ट फर्नेसमध्ये खनिजापासून ते काढताना टनामागे दीड ते दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याऐवजी स्वच्छ स्टील स्क्रॅप घेऊन कार्ब्युरायझरनं कार्बन वर आणला तर ते ओझं बरंचसं उतरतं, आणि अनेकदा चार्जही स्वस्त पडतो. पण डोळे झाकून हे करू नका. स्क्रॅपमधलं मँगेनीज, क्रोमियम, तांबं कास्टिंगमध्ये उतरतं. एसजी आयर्नमध्ये (लवचीक जातीच्या कास्ट आयर्नमध्ये) मँगेनीज वाढलं की कडकपणा येतो आणि लांबण (तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता) कमी होते. स्पेक्ट्रोमीटरवर प्रत्येक हीट तपासण्याची सोय असेल तरच पिगचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं कमी करा, तेही आधी ग्रे आयर्नच्या (साध्या कास्ट आयर्नच्या) सोप्या पार्टवर.

भंगारवाल्याशी नुसता दरावर सौदा करू नका. गंज, रंग, तेल, जस्ताचा थर असलेलं भंगार किलोला दोन रुपयांनी स्वस्त मिळतं, पण तेवढाच माल वितळवून किती लोखंड हातात आलं हे मोजलं की सौदा महाग निघतो. पुरवठादारागणिक ही घट लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच्यासमोर ठेवा. बहुतेक जण सुधारतात, कारण तोवर त्यांना असा हिशेब कुणी दाखवलेलाच नसतो.

वाळूचं गणित थोडं वेगळं. सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडाघाट पट्ट्यातली सिलिका वाळू घाट चढून येते आणि पावसाळ्यात ओली येते, कधी वेळेवर येतच नाही. वापरलेली वाळू टाकायला जागा नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी आहेत आणि गावकऱ्यांच्या रास्त तक्रारीही आहेत. ग्रीन सँडमधली (मातीनं बांधलेल्या ओलसर मोल्डिंग वाळूतली) बहुतेक वाळू पुन्हा वापरता येते. नवीन किती घालायची आणि जुनी किती काढायची हे सवयीवर न सोडता लॅबमधल्या क्ले (माती) आणि एलओआयच्या (जळून जाणाऱ्या अंशाच्या) आकड्यावर ठरवा. रेझिनच्या कोअर सँडला मात्र मेकॅनिकल किंवा थर्मल रिक्लेमेशन (जुनी वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणं) लागतं. थर्मल प्लांट एकट्या छोट्या फौंड्रीला परवडत नाही. चार-सहा जणांनी मिळून किंवा क्लस्टरच्या सामायिक सुविधेतून तो चालवला तरच जमतं. उरलेल्या वाळूचा पेव्हर ब्लॉकमध्ये वापर होऊ शकतो, फक्त आधी तिची चाचणी करून घ्या.

रिक्लेमेशनचा फायदा नुसत्या टनाच्या दरात पाहिला तर परतावा लांबलेला दिसतो. पण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. आत येणारा कच्चा माल कमी लागणारा कारखाना अशा वेळी जास्त दिवस तग धरतो. परताव्याच्या हिशेबात ही ओळ घाला.

चौथी पायरी: पुरवठादारांना सोबत घ्या

मशीनिंगचं जॉबवर्क करणारा, पॅटर्नवाला, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, पेंटिंग: यांच्याकडे पाच-पंधरा माणसं असतात. गिऱ्हाइकानं आपल्याला पाठवलेला साठ प्रश्नांचा फॉर्म जसाच्या तसा यांच्याकडे ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. त्यातून खोटी माहिती तेवढी गोळा होते. प्रत्येकाकडून तीनच आकडे मागा: वीजबिलातले युनिट, डिझेल आणि तुमच्या कामातलं रिजेक्शन. प्लेटिंगवाल्याकडून मात्र घातक कचरा कुठे जातो त्याचे कागद न चुकता बघा, कारण तिथे गडबड निघाली तर तुमचंही काम थांबतं.

मोबदल्याशिवाय बदल मागू नका. आपला तंत्रज्ञ अर्धा दिवस पाठवून त्याच्या कॉम्प्रेसरची हवागळती शोधून द्या. सुधारलेल्या जॉबवर्करला वर्षभराच्या कामाची हमी द्या. आणि पैसे वेळेत द्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहेच. नव्वद दिवस पैसे थकवून वर पर्यावरणाचा आग्रह धरणाऱ्याचं कोण ऐकेल?

पाचवी पायरी: गाडी आणि खोका

वाहतुकीचा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून बरेच जण सुरुवात इथून करतात. आकडे मात्र वेगळं सांगतात. कोल्हापूर-चाकण जाऊन-येऊन साधारण ५२० किलोमीटर. गाडी लिटरला साडेचार किलोमीटर देत असेल तर ११५ लिटर डिझेल आणि सुमारे ३१० किलो कार्बन डायऑक्साइड. नऊ टन माल भरला तर टनामागे ३४ किलो, चारच टन भरला तर ७७. वरच्या उदाहरणात नुसत्या मेल्टिंगचे टनामागे सव्वासातशे किलोच्या आसपास होते. त्यामुळे ट्रकचा विचार दुसऱ्या पायरीनंतरच करा. मात्र पैशात हा फरक मोठा आहे: भाडं गाडीचं असतं, मालाचं नसतं.

अर्धी रिकामी गाडी का जाते? गिऱ्हाइकाला रोज थोडाथोडा माल हवा असतो म्हणून. चिंघुआ झू आणि जोसेफ सार्किस या अभ्यासकांनी २००४ साली चीनमधल्या १८६ उत्पादक कंपन्यांच्या उत्तरांवरून दाखवलं की हरित साखळीच्या पद्धती वापरणाऱ्यांची पर्यावरणाची आणि आर्थिक, दोन्ही कामगिरी सुधारलेली दिसते. गुणवत्ता व्यवस्थापन भक्कम असेल तर त्याचा हातभार लागतो. जस्ट इन टाइममुळे, म्हणजे लागेल तेव्हाच थोडाथोडा माल मागवण्यामुळे मात्र पर्यावरणाची बाजू बिघडू शकते. आपल्या महामार्गावर हे रोज दिसतं. उपाय गिऱ्हाइकाच्या लॉजिस्टिक्सवाल्याशी बोलूनच निघतो: रोजच्याऐवजी दिवसाआड पण भरलेली गाडी, किंवा एकाच वसाहतीतल्या तीन-चार फौंड्र्यांचा माल गोळा करणारी मिल्क रन. शेजारी आपला स्पर्धक असला तरी गाडी एकत्र पाठवायला हरकत नसावी; दरपत्रक कुणी कुणाला दाखवायचं नसतं. परतीचा माल, उदाहरणार्थ मशीन शॉपचं बोरिंग (लोखंडाचा कीस), त्याच गाडीत आणला तर परतीची फेरीही वाया जात नाही.

पॅकेजिंगमध्ये परत येणारे क्रेट किंवा लोखंडी बिन घ्यावेत असं सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण एका अटीवर. समजा पुठ्ठ्याचा खोका ७० रुपयांचा आणि क्रेट ७०० रुपयांचा. क्रेट चाळीस फेऱ्या टिकला तर फेरीला साडेसतरा रुपये. आठव्या फेरीनंतर तो गिऱ्हाइकाच्या आवारात कुणी दुसऱ्या मालासाठी वापरायला घेतला तर फेरीला ८७ रुपये, म्हणजे पुठ्ठ्यापेक्षा महाग. म्हणून क्रेटवर नंबर, चलनावर क्रेटची संख्या आणि महिन्याला दोन्ही बाजूंच्या सहीनं जुळणी, हे आधी ठरवा आणि मग क्रेट विकत घ्या. रिकामे क्रेट घडी होणारे असतील तर परतीच्या गाडीत जागाही उरते.

सहावी पायरी: वीज कुठून घ्यायची

आता सोलर. आधी वापर कमी केला की लागणारी क्षमता कमी होते आणि तेवढी गुंतवणूक वाचते, म्हणून हा क्रम. छतावरच्या सोलरला फौंड्रीत दोन अडचणी येतात: जुन्या शेडचे ट्रस वजन पेलत नाहीत आणि भट्टीची धूळ पॅनलवर बसते. स्ट्रक्चरल तपासणी आणि नियमित धुण्याचा खर्च हिशेबात धरा. मेल्टिंगचा भार मोठा असल्यानं छत सहसा पुरत नाही. २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस (बाहेरच्या उत्पादकाकडून थेट वीज घेण्याच्या) नियमांनी किमान मागणीची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम फौंड्रीलाही बाहेरच्या सोलर प्रकल्पातून वीज घेता येते. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये (अनेक कारखान्यांच्या सामायिक वीज प्रकल्पात) वापरणाऱ्यांचा मिळून किमान २६ टक्के हिस्सा आणि ५१ टक्के विजेचा वापर लागतो. करार करण्याआधी व्हीलिंग (वीज वाहून आणण्याचं शुल्क), बँकिंग (जास्तीची वीज ग्रिडकडे जमा ठेवण्याचं शुल्क) आणि अधिभार धरून घरपोच युनिटचा दर लेखी मागा. दलाल नेहमी प्रकल्पाच्या दारातला दर सांगतो.

वेळेनुसार बदलणारे दरही बघा. रात्रीच्या सवलतीसाठी रात्रपाळीत मेल्टिंग करण्याची जुनी सवय आहे. पण सौर वीज वाढल्यापासून दर ठरवण्याचा कल दिवसाच्या तासांकडे झुकला आहे. चालू बिलावरचे टीओडीचे (वेळेनुसारच्या दरांचे) आकडे घेऊन पाळी पुन्हा आखा.

यंत्रासाठी कर्ज घ्यायचं असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची जुलै २०२५ मध्ये सुरू झालेली अदिती योजना बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे. झेड, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या गुणवत्ता आणि पर्यावरण प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान मिळतं. गिऱ्हाईक मागत असेल तर प्रमाणपत्र जरूर घ्या, पण नुसत्या भिंतीवरच्या फ्रेममुळे टनामागचे युनिट कमी होत नाहीत.

सातवी पायरी: युरोपला माल जात असेल तर

युरोपीय संघाच्या सीमेवरच्या कार्बन कराचा, म्हणजे सीबॅमचा, नुसत्या अहवालाचा टप्पा ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ होता. जानेवारी २०२६ पासून तो पैशांनिशी लागू झाला. आधी आपल्या मालाचा एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) बघा. ७३०७ मधली पाइप फिटिंग, ७३१८ मधले नट-बोल्ट, ७३२६ मधल्या लोखंडी वस्तू यादीत आहेत. ८४ आणि ८७ प्रकरणातले यंत्रांचे व वाहनांचे भाग सुरुवातीच्या यादीत धरलेले नाहीत, पण यादी वाढवण्याची चर्चा चालू आहे.

इथे एक बारकावा आहे, जो बऱ्याच निर्यातदारांच्या नजरेतून सुटतो. लोखंड-पोलादासाठी सीबॅममध्ये थेट उत्सर्जन आणि पिग आयर्नसारख्या आधीच्या मालाचं उत्सर्जन धरतात. ग्रिडच्या विजेचं धरत नाहीत. स्क्रॅपचं उत्सर्जन शून्य मानतात. म्हणजे या कराच्या हिशेबात सोलरपेक्षा तिसऱ्या पायरीतला चार्ज मिक्स जास्त कामाचा. स्वतःचे तपासलेले आकडे नसतील तर ठरावीक आकडे लावले जातात, आणि ते सहसा आपल्या विरोधात जातात.

देशातही जाहिरातीत किंवा कॅटलॉगवर ‘ग्रीन’ लिहिताना पुरावा हाताशी ठेवा. ग्रीनवॉशिंग रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ पासून आहेत.

आठवी पायरी: वाचलेले पैसे कुणाचे?

हे लोक शेवटी बोलतात आणि तिथेच फसतात. वाहन उद्योगात गिऱ्हाईक दरवर्षी दर कमी करून मागतं. तुम्ही वर्षभर घाम गाळून टनामागचे सव्वाशे युनिट वाचवता, अभिमानानं ते प्रेझेंटेशनमध्ये दाखवता, आणि पुढच्या वाटाघाटीत तेवढीच रक्कम दरातून कापली जाते. मग जॉबवर्करला दिलेला शब्द पाळायला हातात काही उरत नाही.

म्हणून सुधारणा सुरू करण्याआधी वाटणी लेखी ठरवा. तुमच्या गुंतवणुकीतून झालेली बचत, म्हणजे भट्टी, रिक्लेमेशन, सोलर यांची, परतावा पूर्ण होईपर्यंत तुमची. दोघांच्या बदलातून होणारी, म्हणजे क्रेट, भरलेली गाडी, ड्रॉइंगमध्ये मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापण्यासाठी सोडलेला जास्तीचा थर) कमी करणं यांची, अर्धी-अर्धी. कमी कार्बनच्या मालाला जास्त दर बहुधा कुणी देणार नाही. त्याऐवजी मागण्यासारख्या तीन गोष्टी आहेत: लांब मुदतीचं शेड्यूल, नव्या पार्टच्या चौकशीत पहिलं नाव आणि पैसे लवकर. तिन्ही तुमच्या खेळत्या भांडवलात सरळ दिसतात, आणि खरेदी अधिकाऱ्याला त्या देणं दर वाढवण्यापेक्षा सोपं जातं.

पहिल्या पायरीतला बारा महिन्यांचा तक्ता या बैठकीला छापून न्या. समोरच्याला त्याच्या अहवालासाठी नेमके तेच आकडे हवे असतात, आणि वसाहतीतल्या फार थोड्या कारखान्यांकडे ते बिलांसकट तयार असतात.